पाच युनिटांची साक्ष

काच फुटल्याचा आवाज वरच्या मजल्यावरील आठ शिवणयंत्रांच्या खडखडाटालाही भेदून गेला.

यंत्रे थांबली. शिवणवर्ग चालविणारी त्या घरची लेक हातात कात्री तशीच धरून जिना उतरली. गॅरेजचे दार सताड उघडे होते. इलेक्ट्रिक गाडीच्या मागच्या खिडकीची काच फरशीवर विखुरली होती. घरचा चालक पायाने जॅकचा दांडा दूर लोटीत दोन्ही हातांनी तिच्या वडिलांना, म्हणजे आप्पांना, मागच्या सीटवरून बाहेर ओढीत होता.

गाडीतून भट्टीसारखी धग बाहेर येत होती. आप्पांचा चेहरा विटेच्या रंगाचा झाला होता. श्वास होता, शुद्ध नव्हती.

"ताई, फोन करा! आधी फोन करा!" चालक ओरडला.

भिंतीवरील घड्याळात दोन वाजून चाळीस मिनिटे झाली होती.

तासाभरातच दवाखान्यातून पोलीस ठाण्यास कळविण्यात आले: शहात्तर वर्षांचे वृद्ध, बंद मोटारीत उष्णतेने बेशुद्ध, अपघात वाटत नाही. हे वृत्त ज्या निरीक्षकबाईंच्या हाती पडले, त्यांना बावीस वर्षांच्या नोकरीत दोन गोष्टींचा मनस्वी तिटकारा जडला होता. एक, न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देणारा मनुष्य. दुसरी, न मागितलेले काम करणारे यंत्र. त्या दिवशी या दोन्ही गोष्टी एकाच गॅरेजमध्ये आपली वाट पाहत आहेत, याची त्यांना सुतराम कल्पना नव्हती.

दवाखान्याच्या बाकावर आप्पांची लेक बसली होती. कात्री अजून तिच्या मांडीवरच होती.

"वडील गाडीत काय करत होते?" निरीक्षकबाईंनी विचारले.

"झोपले होते. रोज झोपतात. दुपारी वर माझी मशिनं चालतात, घर दणाणतं. गाडी आवाज न करता थंड होते. म्हणून एक वाजता जेवण झालं की मागच्या सीटवर आडवे होतात. अडीचच्या पुढं आमचा चालक चहा घेऊन उठवायला जातो."

"हे घरात सगळ्यांना ठाऊक?"

"सगळ्यांना. ह्यांना आवडत नाही. म्हणतात, गाडी आहे की धर्मशाळा? पण आप्पा कुणाचं ऐकतात होय!"

"आज चालक कुठे होता?"

"दोनला मी त्याला पान वाढलं. समोरच बसून होते मी. तो हळू जेवतो. सव्वादोनला माझा दुसरा वर्ग, तेव्हा मी वर गेले. मग तो हात धुऊन पायरीवर बसला असेल, रोज बसतो तसा. एकटाच असतो तिथं."

"नवऱ्याला कळवलंत?"

"लगेच. दोन बेचाळीसला. म्हटलं, आप्पा बेशुद्ध झालेत, दवाखान्यात नेतेय, तुम्ही तिकडंच या."

"एवढंच?"

"एवढंच. पुढचं बोलायला तोंडातून शब्द फुटत नव्हता."

निरीक्षकबाईंनी बाकाच्या दोन्ही टोकांकडे पाहिले. "मग ते कुठे आहेत?"

लेकीने मान खाली घातली. "घरी गेलेत म्हणे. गॅरेजमध्ये."

निरीक्षकबाईंनी वहीत काहीच लिहिले नाही. काही गोष्टी न लिहिताही लक्षात राहतात.

गॅरेजमध्ये त्या पोहोचल्या तेव्हा चार वाजून गेले होते. त्यांचे हवालदार आधीच येऊन उभे होते. एका कोपऱ्यात चालक हात बांधून उभा; पन्नाशीचा, किडकिडीत, नखांतून रक्त आलेले. गाडीपाशी दोन गृहस्थ परस्परांशी कुजबुजत होते.

पहिला गृहस्थ आप्पांचा जावई. स्नानगृहाच्या फरश्या विकणाऱ्या कंपनीत तो विक्री-व्यवस्थापक होता, आणि आपण जगाच्या पायाखालची फरशी आहोत असा त्याचा समज होता. दुसरा, सोनेरी चष्म्याचा, गाड्यांना जादा उपकरणे बसविणारा दुकानदार. त्याने स्वतःच्या दुकानाच्या पाटीवर स्वतःलाच 'रिमोटसम्राट' ही पदवी बहाल केली होती. दुसऱ्या कोणी दिली नसती.

गाडी मुळात सज्जन होती. परंतु कारखान्यातील शेकडो शहाण्या माणसांनी विचारपूर्वक ज्या सोयी दिल्या नव्हत्या, त्या या सम्राटाने दीड तासात बसवून दिल्या होत्या. आता मोबाइलवर बोट ठेवताच गाडी उघडे, मिटे, थंड होई, तापे, दिवे मिचकावी. आत कोण बसले आहे ते छपराला चिकटविलेल्या कॅमेऱ्यातून मालकास दूरदेशीही दिसे. मालकाचे सुख एवढेच की, पाहुण्यांना खिडकीशी बोलावून खाली उभ्या गाडीकडून तीन वेळा भोंगा वाजवून घ्यावा. उथळ पाण्याला खळखळाट फार, म्हणतात ते असे.

"आलात? बरं झालं," जावई पुढे सरसावला. "तुमचं काम मी सोपं करून ठेवलंय. हा बघा पुरावा."

त्याने मोबाइल पुढे धरला. पडद्यावर एक ओळ होती: दोन वाजून वीस मिनिटे, हीटर चालू, चाइल्ड लॉक चालू, मोबाइल क्रमांक तीन.

"क्रमांक तीन कुणाचा?"

"ह्याचा!" जावयाने चालकाकडे बोट रोखले. "पहिला माझा, दुसरा बायकोचा, तिसरा ह्याचा. चाइल्ड लॉक लावलं की मागचं दार आतून उघडत नाही. म्हाताऱ्याला कोंडलं आणि भाजलं! सकाळीच आप्पांनी ह्याला झापलं होतं. त्याचा सूड. घाला बेड्या."

"दवाखान्यात जाऊन आलात?"

"जाणारच आहे. पण आधी पुरावा जपायला नको? आणि दोन वीसला मी सभेत होतो, तीस माणसांसमोर माझं भाषण चालू होतं, मोबाइल बंद करून टेबलावर ठेवला होता. विचारा कुणालाही."

"तुम्ही कुठे होतात, हे मी अजून विचारलेलं नाही," निरीक्षकबाई म्हणाल्या.

त्या चालकाकडे वळल्या. हवालदारांच्या हातात बेड्या होत्या, आणि चालकाची नजर त्यांवरून हलत नव्हती. अकरा वर्षे त्या घरची गाडी चालविली होती. आता गुन्हा नोंदला गेला की परवाना जाणार. परवाना गेला की दोन्ही हात असूनही तो थोटा होणार. हे त्याच्या मुद्रेवर एवढे स्पष्ट लिहिले होते की, निरक्षरासही वाचता यावे.

"सकाळी आप्पांनी तुम्हाला झापलं?"

"आप्पा रोजच झापतात, बाई. एखाद दिवशी नाही झापलं तर मलाच चुकल्यासारखं होतं."

"आज कशावरून?"

"त्यांच्या पेनाचं टोपण हरवलं माझ्याकडनं."

हवालदारांना हसू आले. त्यांनी ते खोकल्यात लपविले.

"चहा घेऊन आलात, तेव्हा काय दिसलं?"

"काचा घामेजल्या होत्या. हाक मारली, उत्तर नाही. मोबाइलवर 'दार उघडा' दाबलं. तो म्हणतो, 'उघडलं'. कुठं उघडलंय! हँडल ओढून ओढून ही नखं गेली. आतून गरम वारं सुटलेलं. 'हीटर बंद' दाबलं. तो म्हणतो, 'बंद झाला'. आणि वारं आपलं चालूच! मग म्हटलं, ह्याच्या नादी लागलो तर आप्पा हातचे जातील. दांडा घेतला आणि काच फोडली."

"चावी कुठे होती?"

"साहेबांच्या खिशात. चावी ते कुणाला देत नाहीत. सगळं मोबाइलवर."

"काच फोडल्यावर?"

"हात लांबवून पुढचं दार आतून उघडलं, गाडी बंद केली, मागचं दारही सोडवलं. चार्जिंगची वायर लावलेली होती, म्हणून भिंतीवरचा खटका पाडला. मग आप्पांना काढलं. तेवढ्यात ताई आल्या."

"खटका पुन्हा वर केला कुणी?"

"नाही बाई. तसाच आहे."

निरीक्षकबाईंनी भिंतीकडे पाहिले. खटका खालीच होता. त्याच्या वर एक वीजमीटर, आणि मीटरशेजारी खिळ्याला सुतळीने टांगलेली एक जाड वही. वहीच्या सुतळीलाच एक पेन बांधले होते. टोपणाविना.

"हे मीटर कशाकशाचं?"

"फक्त गाडीच्या चार्जरचं," उत्तर रिमोटसम्राटाने दिले. "गॅरेजचा दिवासुद्धा ह्यावर नाही. मीच वेगळं घ्यायला लावलं होतं."

"तुम्हाला इथे कुणी बोलावलं?"

"कुणी नाही. सहज आलो. काच फुटली म्हणून..."

"काच फुटल्याचं स्वप्न पडलं होतं?"

सम्राटाने चष्मा सावरला. "साहेबांचा फोन आला होता."

"किती वाजता?"

"पावणेतीनच्या सुमारास."

"बरं. मोबाइलवर ही जी ओळ दिसते, तिची नोंद कुठे राहते?"

"माझ्या दुकानातल्या संगणकावर," सम्राटाची छाती किंचित पुढे आली. "एकदम सुरक्षित. पासवर्ड फक्त माझ्याकडे. माझ्याशिवाय कुणी हातसुद्धा लावू शकत नाही."

"आणि तुम्ही बसवलेल्या ह्या किटनं लावलेला हीटर गाडी पुरेशी तापली की थांबतो?"

"कंपनीचा थांबतो. आपला नाही थांबत. सलग, पूर्ण जोरात! कडाक्याच्या थंडीत काय मजा येते! ती आपल्या किटची खासियत आहे."

"खासियत," निरीक्षकबाईंनी तो शब्द चिमटीत धरलेल्या झुरळासारखा उच्चारला, आणि त्या वहीकडे वळल्या.

जावई हसला. "ते काही वाचू नका हो. म्हाताऱ्याचं वेड आहे. चाळीस वर्षं वीज कंपनीत मीटर तपासत होते. निवृत्त झाले, पण खाज जात नाही. दिवसातून तीनदा रीडिंग! मी तर त्या वहीकडे ढुंकूनसुद्धा बघत नाही."

"ते दिसतंच आहे," बाई म्हणाल्या.

वहीतील अक्षर मोत्यासारखे होते. पहिल्याच पानावर चौकटीत दोन ओळी होत्या: 'गाडी पूर्ण चार्ज असता: थंडावा, तासाला एक युनिट. हीटर, दहा मिनिटांस एक युनिट. तीन वेळा तपासून खात्री केली.'

पुढील पानांवर तारीखवार नोंदी होत्या.

'ता. ९. जावईबापूंनी मोबाइलवरून थंडावा बंद केला. मोबाइल म्हणतो बंद. मीटर म्हणते चालू. माझा विश्वास मीटरवर.'

'ता. ११. पुन्हा तेच. जावईबापूंस सांगितले. ते हसले.'

'ता. १४. दुकानदारास सांगितले. तो म्हणाला, आजोबा, तुमचं मीटर जुनं झालंय. मी म्हणालो, मीटर नवे आहे, जुना मी आहे.'

आणि शेवटची नोंद आजची होती: 'दु. १.०० वा. ४८१२. गाडी पूर्ण चार्ज. थंडावा चालू. झोपतो.'

निरीक्षकबाईंनी मीटरवरील आकडा पाहिला. चष्मा पुसून पुन्हा पाहिला. मग हवालदारांना जवळ बोलावून त्या कानात काहीतरी बोलल्या. हवालदार बाहेर अंगणात जाऊन फोन लावू लागले.

"साहेब," त्यांनी जावयास विचारले, "सभेआधी, दोन वाजता, कुठे होतात?"

"दोन वाजता? जेवत असेन. कंपनीच्या कँटीनमध्ये. का? घटना तर दोन वीसची आहे."

"एकटेच जेवत होतात?"

"दहा-बारा जण असतात आमच्या टेबलावर. हे काय चाललंय? गुन्हेगार समोर उभा आहे, आणि तुम्ही मला कँटीनमधली भाजी विचारताय!"

"भाजी नाही विचारली," बाई शांतपणे म्हणाल्या, आणि बाहेर फोनवर बोलणाऱ्या हवालदारांकडे पाहत उभ्या राहिल्या.

दहा मिनिटे गेली. त्या दहा मिनिटांत जावयाने चार वेळा घड्याळ पाहिले, सम्राटाने सहा वेळा चष्मा पुसला, आणि चालकाने एकदाही मान वर केली नाही. मग हवालदार आत आले, बाईंच्या कानाशी लागले. बाईंच्या ओठांची एक कड जराशी वर गेली. परंतु ते हास्य नव्हते. जेवणाच्या ताटात केस सापडल्यावर माणसाचे जे होते, ते होते.

"बेड्या तयार ठेवा," त्या म्हणाल्या. "हात कुणाचे ते आता सांगते."

चालकाने डोळे मिटले.

"ही ओळ सांगते की हीटर दोन वीसला सुरू झाला," निरीक्षकबाई बोलू लागल्या. "म्हणजे एक वाजल्यापासून दोन वीसपर्यंत थंडावा. एक तास वीस मिनिटं. तासाला एक युनिट ह्या हिशोबानं सव्वा, फार तर दीड युनिट. मग दोन वीस ते दोन चाळीस हीटर. वीस मिनिटं, दोन युनिट. एकूण किती, हवालदार?"

"साडेतीन धरा, मॅडम."

"चार हजार आठशे बारापासून साडेतीन पुढं. मीटर साडेपंधराच्या वर जायला नको. दोन चाळीसला ह्या चालकानं खटका पाडला, तेव्हा मीटर जागच्या जागी थांबलं. आता वाचा."

हवालदार पुढे झाले. "चार हजार आठशे... सतरा."

"पाच युनिट," बाई म्हणाल्या. "साडेतीन नव्हे, पाच. दीड युनिट आलं कुठून? वरच्या मशिनांचं नाही, दिव्याचं नाही, ह्या मीटरवर दुसरं काही नाहीच, सम्राटांनीच सांगितलं. थंडाव्याला एवढं लागत नाही. म्हणजे हीटर वीस मिनिटं नव्हे, जास्त वेळ चालला. आता दुसरा हिशोब करा. एक ते दोन, एक तास थंडावा: एक युनिट. दोन ते दोन चाळीस, चाळीस मिनिटं हीटर: चार युनिट. एक आणि चार?"

"पाच," हवालदार म्हणाले.

"बरोब्बर पाच. हीटर दोन वाजता सुरू झाला. आणि दोन वाजता हा माणूस ताईंच्या डोळ्यांसमोर पानावर बसून जेवत होता."

चालकाने डोळे उघडले.

"मीटर बिघडलं असेल!" जावई ओरडला. "एका म्हाताऱ्याच्या वहीवरून तुम्ही..."

"मीटर बिघडलेलं नाही, ओळ बिघडवलेली आहे. संगणकातली वेळ आणि मोबाइलचा क्रमांक बदलला. पासवर्ड एकाच माणसाकडे आहे. त्यानंच छाती काढून सांगितलं. पण सम्राटांना आप्पांशी काय देणंघेणं? ते पावणेतीनपर्यंत आपल्या राज्यात सुखी होते. पावणेतीनला त्यांना फोन आला. कुणाचा?"

सम्राटाने जावयाकडे पाहिले. जावयाने भिंतीकडे पाहिले.

"दोन बेचाळीसला बायको सांगते: वडील बेशुद्ध झालेत, दवाखान्यात या. काय झालं, कुठे झालं, काही सांगत नाही. तीन मिनिटांत हा जावई कुणाला फोन लावतो? डॉक्टरांना? बायकोला? नाही, गाडीच्या दुकानदाराला! आणि दवाखाना सोडून धावतो कुठे? गॅरेजमध्ये! साहेब, आप्पा गाडीत होते, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"अंदाज... रोज झोपतात म्हणून..."

"घरात पडले नसतील? जिन्यावर? माणूस बेशुद्ध झाला म्हटल्यावर तुमच्या मनात पहिली आली ती गाडी. कारण दोन वाजता तुम्ही कँटीनमध्ये काय केलंत, ते तुम्हाला आठवलं. हवालदार, सांगा."

हवालदारांनी घसा साफ केला. "साहेबांच्या शेजारी बसणाऱ्या भांडारपालाशी बोललो. तो म्हणाला, साहेबांनी मोबाइलवर गाडीतलं चित्र दाखवलं. सासरे तोंड उघडं टाकून झोपले होते. साहेब म्हणाले, 'बघा, माझ्या गाडीची धर्मशाळा केलीय. आता ह्या धर्मशाळेचं स्नानगृह करतो.' आणि हीटर लावला, दार कोंडलं. म्हातारा उठून घाम पुसायला लागला, दार ओढायला लागला. टेबलावरचे सगळे हसले. भांडारपाल म्हणतो, मीसुद्धा हसलो, मॅडमना सांगा, लाज वाटते."

चालकाच्या घशातून एक आवाज निघाला. शब्द नव्हता तो.

"मी बंद केला होता!" जावयाचा आवाज चिरकला. "पाच मिनिटांत बंद केला! लॉकसुद्धा काढलं! मोबाइलनं सांगितलं, 'बंद झाला', 'उघडलं'. मग मी मोबाइल खिशात टाकला आणि भाषणाचे कागद बघायला गेलो. माझी काय चूक? गंमत होती हो ती!"

"मोबाइल खोटं सांगतो, हे तुम्हाला ठाऊक होतं," बाई म्हणाल्या. "नऊ तारखेला लिहिलंय. अकराला तुमच्या तोंडावर सांगितलंय. तुम्ही हसलात. आज चालकानंही 'बंद' दाबलं, त्यालाही तोच जबाब मिळाला. हे किट गाडीला हुकूम देतं, पण गाडीनं ऐकलं की नाही, हे कधी विचारत नाही. आपणच दाबतं आणि आपणच 'झालं' म्हणतं. अगदी मालकासारखं. होय ना, सम्राट?"

सम्राटाचे साम्राज्य एका क्षणात खालसा झाले. "मी सगळ्या गिऱ्हाइकांना सांगतो, मॅडम, दोनदा दाबा म्हणून! आणि नोंद बदलायला मला साहेबांनी सांगितलं! म्हणाले, सव्वादोननंतर तो पायरीवर एकटा असतो, त्याला साक्षीदार नाही. दोन वीस टाक, तेव्हा माझं भाषण आहे. मी आपला गिऱ्हाईक म्हणून..."

"गप्प बस, हरामखोर!" जावई गर्जला.

"भांडा, भांडा. ठाण्यात एकाच बाकावर बसवते दोघांना."

निरीक्षकबाईंनी वही खिळ्यावरून काढून हवालदारांकडे दिली आणि जावयासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या स्वरात राग नव्हता. राग बरोबरीच्या माणसाचा येतो.

"मी खुनी पाहिलेत, साहेब. पोटात आग असलेली माणसं होती ती. तुमच्या पोटात काहीच नाही. झोपलेल्या म्हाताऱ्याला दहा लोकांच्या हशासाठी भाजलंत, तो एक गुन्हा. पण पावणेतीनला तुमच्यापुढे दोन वाटा होत्या. एक दवाखान्याची. तिकडे जाऊन 'हीटर चाळीस मिनिटं चालू होता' एवढं एक वाक्य डॉक्टरांना सांगितलं असतंत, तर त्यांना उपचाराला मदत झाली असती. तुम्ही दुसरी वाट धरलीत. ज्यानं नखं तोडून तुमच्या सासऱ्याचा जीव वाचवला, त्याचाच गळा शोधलात. अकरा वर्षं ज्यानं तुमच्या घरची गाडी हाकली, त्याचा!"

"माझी कंपनीत काय अब्रू राहील..." जावई पुटपुटला.

"तीस माणसांसमोर भाषण केलंत ना? आता एकतिसाव्यासमोर करा. न्यायाधीश फार लक्ष देऊन ऐकतात."

बेड्यांचा खटका बसला. हात जावयाचे होते. बाईंनी त्याचा मोबाइल पुराव्याच्या पिशवीत टाकला. काच फुटलेली, खटका पाडलेली, थंडगार मेलेली ती गाडी समोर उभी असता, पडद्यावर हिरव्या अक्षरांत झळकत होते: 'दारे बंद. थंडावा चालू. सर्व काही उत्तम.'

"निर्लज्ज," बाई म्हणाल्या. त्या मोबाइलला म्हणाल्या की मालकाला, हे हवालदारांनी विचारले नाही.

संध्याकाळी सहाच्या सुमारास आप्पांनी डोळे उघडले. ओठ सुकून भेगाळले होते, हाताला सलाईन होते. लेक उशाशी होती. नवऱ्याने काय केले, हे तिला निरीक्षकबाईंनी बाहेरच्या बाकावरच सांगितले होते. ती रडली नव्हती. मांडीवरील कात्री उचलून तिने पिशवीत ठेवली आणि एवढेच विचारले, "आमचं घर कुणाच्या नावावर आहे, हे तुमच्या खात्याला लागतं का? घर आप्पांचं आहे." बाई म्हणाल्या, "लागत नाही, पण ऐकून बरं वाटलं."

चालक दाराबाहेर उभा होता. आत यावे की नाही, हे त्याला उमगत नव्हते. आप्पांची नजर खोलीभर फिरली आणि त्याच्यावर येऊन थांबली. त्यांनी बोट हलविले. तो जवळ आला, वाकला.

"रीडिंग..." आप्पांचा आवाज कागदासारखा खरखरत होता. "रीडिंग घेतलंस?"

"घेतलं, आप्पा."

"किती?"

"चार हजार आठशे सतरा."

"वेळ?"

"दोन चाळीस. मीच खटका पाडला."

आप्पांनी डोळे मिटले. त्यांचे ओठ हलत होते; ते मनाशी काही मांडीत होते, वजा करीत होते. मग त्यांच्या कपाळावरची आठी सरळ झाली.

"पाच," ते म्हणाले. "म्हणजे दोन वाजता लावला. मला वाटलंच. जावईबापू कँटीनमध्ये असतात तेव्हा."

निरीक्षकबाई दारात उभ्या होत्या. दोन तास खपून, तीन माणसांना घोळसून, एका सम्राटाला पदच्युत करून त्यांनी जे शोधले होते, ते या मनुष्याने खाटेवर पडल्या पडल्या दोन आकड्यांत मांडले होते. त्यांनी नकळत टोपी सरळ केली.

"वहीत लिहिलंस का?" आप्पांनी विचारले.

चालक खाली पाहू लागला. "वही पोलिसांकडं आहे, आप्पा. परत मिळाली की लगेच लिहितो."

"पेन?"

"ते पण."

"आणि टोपण?"

चालकाने सदऱ्याच्या खिशात हात घातला. काच फोडल्यावर, आप्पांना ओढून काढताना, सीटच्या फटीत ते त्याच्या हाताला लागले होते. त्याने टोपण आप्पांच्या तळहातावर ठेवले.

आप्पांनी ते चाचपले, उजेडात धरले, उलटसुलट पाहिले.

"गाढवा," ते म्हणाले, "हे माझ्याकडनंच पडलं होतं की रे."

चालकाला प्रथमच रडू फुटले.